आमच्या भिंतीवरची माधुरी

मध्यमवर्गीय माणसाच्या दिवाणखान्याला सांगायला चार भिंती असतात. प्रत्यक्षात एक खिडकीत जाते, एक दारात जाते, तिसरीला शोकेस टेकलेली असते आणि चौथी तेवढी उरते. या उरलेल्या भिंतीवर हक्क सांगणारे मात्र पुष्कळ. कुलदैवत, दिवंगत वाडवडील, चिरंजीवांचा पदवी घेतानाचा काळ्या झग्यातला फोटो, मुलीनं सातवीत असताना भरलेला मोर आणि बँकेचं कॅलेंडर. नटीचा नंबर या रांगेत फारच मागे लागतो.

माझ्या लहानपणी आमच्या भिंतीवर रविवर्म्याची लक्ष्मी होती. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्यानं या लक्ष्म्या नि सरस्वत्या घरोघर पोचवल्या, त्यांतलीच एक. नट्या घरात नव्हत्या असं नाही. पण त्या कॅलेंडरवर यायच्या आणि कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागे जायचं. नटीनं कितीही मोहक नजरेनं पाहिलं तरी घरातल्या माणसांची नजर तिच्या पायाशी असलेल्या तारखांवर, कारण दुधाचे खाडे तिथं मांडलेले असत. नटीकडे फक्त बघायचं म्हणून बघणं ही चैन होती, आणि ती सलूनमध्ये आपला नंबर येईपर्यंत फुकट मिळत असे.

तेव्हा मेव्हण्यांनी कुठल्याशा प्रदर्शनातून हुसेनच्या माधुरीची छापील प्रत आणून, वर ती चौकटीत बसवून आम्हाला भेट दिली, तेव्हा घरात केवढा पेचप्रसंग उभा राहिला असेल याची कल्पना करा. मेव्हण्यांनी दिलेली वस्तू माळ्यावर टाकता येत नाही. ते दर महिन्याला येतात आणि आल्याबरोबर भिंतीकडे बघतात.

चित्र असं : कमरेत वळलेली एक बाई, मागे फेकलेला एक हात, साडीचा घोळ चार-पाच दांडग्या फटकाऱ्यांत उडालेला, आणि चेहऱ्याच्या जागी सपाट तपकिरी रंग. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही.

"ही माधुरी?" आमची ही म्हणाली. "मग हिचं हसू कुठाय?"

प्रश्न रास्त होता. माधुरी दीक्षितचं हसू ही त्या काळात राष्ट्रीय मालमत्ता होती. ते वगळून माधुरी काढायची म्हणजे सोंड वगळून गणपती काढण्यासारखं. शेजारचे निवृत्त हेडक्लार्क मुद्दाम चष्मा बदलून बघायला आले. बराच वेळ बघून म्हणाले, "काम अर्धवट सोडलेलं दिसतंय. ॲडव्हान्सवर उरकलं असेल." त्यांनी आयुष्यभर कंत्राटदारांची बिलं तपासली होती.

मेव्हण्यांनी दिलं म्हणून मी चित्राची बाजू घेतली, आणि बाजू घ्यायची म्हणून हुसेनबद्दल मिळेल ते वाचलं. आपल्या अभिरुचीचा विकास हा असा होत असतो.

तर 'हम आपके हैं कौन' १९९४ च्या ऑगस्टमध्ये आला. चौदा गाणी आणि सव्वातीन तासांहून थोडी जास्तच लांबी. आम्ही सहकुटुंब गेलो होतो. रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे... निम्मं शिवाजी मंदिर पडद्यावर होतं, त्यामुळे परक्या ठिकाणी आल्यासारखं मुळीच वाटलं नाही. लग्नाला गेल्यासारखं वाटलं. फक्त आहेर द्यावा लागला नाही आणि जेवण मिळालं नाही. तिच्या त्या जांभळ्या साडीचे नमुने पुढची दोन वर्षं प्रत्येक कार्यालयात वावरत होते. नवऱ्यामुलाचे जोडे लपवून पैसे उकळण्याची प्रथाही आपल्याकडे फोफावली ती या सिनेमानंतरच. त्याआधी आपण साध्या कानपिळीवर समाधानी होतो.

हा सिनेमा आम्ही एकदा पाहिला. हुसेननी तो ६७ वेळा पाहिला असं सांगतात. मी हिशोब मांडून बघितला. ६७ गुणिले सव्वातीन तास म्हणजे नऊ दिवस आणि नऊ रात्री. न झोपता, न जेवता, सलग. अखंड हरिनामाचासुद्धा सप्ताह असतो; हा सप्ताहाच्याही पुढे दोन दिवस गेला. आणि हे करणारा माणूस ऐंशीला टेकलेला, पद्मविभूषण, पांढरी दाढी, हातात काठीएवढा ब्रश आणि पाय अनवाणी. १९६४ साली कवी गजानन माधव मुक्तिबोध गेले, त्यांच्या अंत्ययात्रेपासून त्यांनी पायांतलं सोडलं असं म्हणतात. जोडे लपवण्याच्या सिनेमाला ६७ वेळा निर्धास्त जाऊ शकेल असा उभ्या हिंदुस्थानात हा एकच प्रेक्षक होता.

नुसतं बघून थांबले नाहीत. माधुरीची चित्रांवर चित्रं काढली आणि त्यांखाली सही केली 'फिदा'. आता गंमत बघा. त्यांचं पूर्ण नाव मकबूल फिदा हुसेन. त्यातलं 'फिदा' वडिलांकडून आलेलं. आपल्याकडेही वडिलांचं नाव मधे लावतात, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं आणि वीजबिलापुरतं. ते नटीच्या चित्राखाली, आणि तेही शब्दशः अर्थानं, वापरायची हिंमत दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकिवात नाही. माझ्या वडिलांचं नाव देवाचं आहे. मी असं काही केलं असतं तर दोघेही कोपले असते.

लोकांनी थट्टा केली. म्हातारचळ म्हणाले. जाहिरातबाजी म्हणाले, आणि प्रसिद्धी हुसेनना वर्ज्य होती असं त्यांचा शत्रूसुद्धा म्हणणार नाही. पण मला यात एक वेगळीच गोष्ट सापडली. हा माणूस तरुणपणी मुंबईत आला तेव्हा सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत होता, चौरस फुटाला काही आणे या दरानं. बांबूच्या परातीवर चढून नटीचा चेहरा रंगवायचा. गाडीच्या चाकाएवढा एकेक डोळा आणि त्यावर झाडूएवढ्या पापण्या. परातीवर बसलेल्याला नटीचा चेहरा कधी दिसतच नसणार. दिसणार तो चार फूट गाल. आज सहा फूट ओठ झाले की उद्या हनुवटी. चौरस फुटावर दाम असेल तर नाकडोळे गाळून कसं चालेल? पोटासाठी ज्यानं नट्यांचे एवढाले डोळे काढले, त्यानं स्वतःच्या मर्जीनं नटी काढायची वेळ आली तेव्हा डोळेच काढले नाहीत. हेडक्लार्कांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पूर्वीच्या ठिकाणी जास्त काम झालं होतं." माणसाला पटवायचं तरी किती?

इकडे आमच्या सोसायटीनं माधुरीचं स्वतःचं असं एक चित्र रंगवलेलं होतं, आणि त्यात नाकडोळ्यांपासून सगळं होतं. अंधेरीची मराठी मुलगी. तिसऱ्या वर्षापासून कथ्थक शिकलेली. पहिला सिनेमा 'अबोध' १९८४ साली आला नि गेला. पुढची चार वर्षं सिनेमे येत होते आणि पडत होते. मग १९८८ साली 'तेजाब', आणि अवघा देश तिच्याबरोबर एकपासून आकडे मोजायला शिकला. 'दिल', 'बेटा' आणि हा 'हम आपके'. एवढं होऊनही सोसायटीतल्या बायकांच्या मनाला शांतता नव्हती. "सगळं खरं, पण वय चाललंय," असं जिन्यात बोललं जायचं. अखेर १९९९ च्या ऑक्टोबरात तिनं लग्न केलं. मुलगा डॉक्टर, डॉक्टर म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया करणारा सर्जन, आडनाव नेने आणि राहायला अमेरिकेत, डेन्व्हरला! सोसायटीत त्या दिवशी पेढे तेवढे वाटायचे राहिले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर तिला चारदा मिळालं होतं, पण 'चांगल्या घरी पडली' हे प्रशस्तिपत्र तिला आमच्या 'बी' विंगनं दिलं. हुसेनना जिच्यात युगायुगांची स्त्री दिसत होती, तिच्यात आमच्या बायकांना कुणाची तरी वेळेवर उजवलेली मुलगी दिसली. मला वाटतं, दोन्ही चित्रं काढणाऱ्यांनी जीव ओतूनच काढली होती.

पुढच्या वर्षी, २००० च्या डिसेंबरात, हुसेनचा 'गजगामिनी' आला. लेखन-दिग्दर्शन स्वतःचं. सिनेमा त्यांना नवा नव्हता. १९६७ साली, म्हणजे माधुरी जन्मली त्याच वर्षी, बर्लिनच्या महोत्सवात त्यांच्या एका लघुपटाला सुवर्ण अस्वल मिळालं होतं. आम्ही दोघं गेलो. थिएटरात मोजून वीस-बावीस टाळकी. पडद्यावर लिओनार्दो दा विंची म्हणून नसीरुद्दीन शहा आले, कालिदास म्हणून आपले मोहन आगाशे आले, शाहरुख खान शाहरुख खान म्हणून आला. माधुरी कधी शकुंतला, कधी मोनालिसा, कधी बनारसची आंधळी मुलगी, आणि या सगळ्यांमधून डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई आपली चाललेली. मध्यंतरात मागच्या रांगेतला एक गृहस्थ पुढे वाकून मला विचारता झाला, "साहेब, स्टोरी काय धरायची?" मी म्हटलं, "ती चाललीय, एवढीच धरा." हे उत्तर मी सुटका करून घ्यायला दिलं होतं, पण अजूनही मला त्यापेक्षा बरं उत्तर सापडलेलं नाही. गजगामिनी म्हणजे हत्तिणीच्या डौलानं चालणारी. आपल्या जुन्या कवींनी नायिकांना ही उपमा इतक्या वेळा दिली आहे की एखादी नायिका नुसती चालत गेली असती तर त्यांना ओळखताच आली नसती. हुसेननी मात्र ती उपमा गांभीर्यानं घेतली. त्यांनी माधुरीचा चेहरा सोडून तिचं चालणं धरलं.

हे मला समजलं ते मात्र आत्येमुळे.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तेव्हा वय शहाऐंशी, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की "आता काय बघायचं राहिलंय?" हे ठरलेलं उत्तर. ती महिनाभर आमच्याकडे राहायला आली. चित्रासमोरच्या आरामखुर्चीत बसायची. आठवड्यानं मला म्हणाली, "ही नाचणारी बाई छान आहे रे. कुणी काढलीय?"

मी म्हटलं, "आत्ये, तुला दिसतं?"

"न दिसायला काय झालं? या घरात नीट दिसतं असं ते एकच माणूस आहे."

"पण तिला नाकडोळे कुठायत?"

"मग तुम्हाला तरी कुठायत?" आत्या म्हणाली. "मला सगळे असेच दिसता. तुझी बायको येते ती टाचा आपटत येते, तू येतोस तो उजवा पाय फरफटत. शेजारचा तो कारकून दारात आला की आधी खोकतो. एवढं पुरतं."

मोतीबिंदू झालेल्या माणसाला कलासमीक्षा करायला बसवावं असं माझं मत तेव्हापासून झालं आहे. पुढे ती जे बोलली ते मात्र मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. "तुझी आई जिना चढायची ना," ती म्हणाली, "तीन पायऱ्या आणि एक थांबा, तीन पायऱ्या आणि एक थांबा. कडेवर तू असलास तर दोन पायऱ्या. मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगायची, वहिनी आली म्हणून. अजून कुणी जिना चढलं की मी मोजते."

हुसेनचा जन्म १९१५ साली पंढरपूरला झाला. दीड वर्षाचे असतील-नसतील तोच आई गेली. पुढे वडिलांबरोबर इंदूरला गेले, मुंबईला आले, जगभर हिंडले. पण आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता आणि बघायला तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. हे ते स्वतःच सांगत. मदर तेरेसांची जी चित्रं त्यांनी काढली त्यांत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मूल घेतलेले हात आहेत आणि साडीच्या आत चेहऱ्याच्या जागी काळोख आहे. ज्या गावात देवालाच माउली म्हणतात त्या गावात हे पोर बिनआईचं झालं. आणि त्या गावच्या माउलीचं तरी काय? शाळेतल्या पोराला विठोबा काढायला सांगा. तो आधी कमरेवरचे हात काढतो. दोन्ही बाजूंना दोन त्रिकोण झाले की विठोबा झाला. नाकडोळे पुढे सवडीनं घातले तरी चालतात, नाही घातले तरी नमस्कार करणाऱ्याचं काही अडत नाही. हुसेनच्या डोक्यात हे होतं की नव्हतं ते मी कशाला सांगू? मी त्यांचा कोण? माझ्या डोक्यात आलं एवढंच.

आमच्या भिंतीवर माधुरीच्या डाव्या हाताला माझ्या आईचा फोटो आहे. आईचा असा एकटीचा फोटो हयातीत कुणी काढलाच नाही. लग्नसमारंभातल्या फोटोंमध्ये ती असायची, पण कुणाच्या तरी खांद्यामागे, नाहीतर पंगतीत वाढताना पाठमोरी. ती गेल्यावर शोधाशोध केली तेव्हा पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला एक टिकलीएवढा फोटो मिळाला. त्यात ती पोलिसांनी बसवून ठेवल्यासारखी बसली आहे. स्टुडिओवाल्यानं तो वाढवला, सुरकुत्या काढल्या, पदर सारखा केला, दोन्ही भुवया एका मापाच्या केल्या आणि ओठांच्या कोपऱ्यांना किंचित हसू दिलं. वरून कुंकू मोठं केलं त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. आलेगेले सगळे म्हणतात, "अगदी हुबेहूब!" मीही मान डोलवतो. मला आईची आठवण येते ती मात्र चुलीकडे तोंड करून बसलेली, पाठीवर ओल्या केसांची गाठ, पोलकं घामानं चिकटलेलं, आणि मागे न वळता "हात धुतलेस का?" म्हणून विचारणारी. असा फोटो कुठला स्टुडिओवाला वाढवून देणार?

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. हुसेनच्या काही जुन्या चित्रांवरून १९९६ पासून वादळ उठलं, खटले झाले, प्रदर्शनांची मोडतोड झाली. २००६ साली ते देशाबाहेर गेले. २०१० साली कतारचे नागरिक झाले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये वारले. दफनही तिकडेच, इंग्लंडात. त्या वादात दोन्हीकडून इतकं बोललं गेलं आहे की माझ्या दोन पैशांनी भाव खाली-वर होणार नाही. पंढरपूरच्या माणसाला शेवटी घरी येता आलं नाही, हे मला बरं वाटलं नाही, इतकंच लिहितो. मधल्या काळातही त्यांचं वेड काही ओसरलं नव्हतं. २००७ साली माधुरीचा 'आजा नचले' आला तेव्हा त्यांनी दुबईत अख्खं थिएटर एकट्यासाठी राखून तो पाहिला, अशी बातमी आली होती. बाकीच्या शेकडो खुर्च्या मोकळ्या. आमच्या हिचं म्हणणं, तिथं बायकामाणसांना तरी न्यायचं होतं. हुसेन गेले त्याच वर्षी ऑक्टोबरात माधुरी डेन्व्हरचं बिऱ्हाड हलवून नवरा-मुलांसह मुंबईला परत आली. चार महिन्यांची चुकामूक झाली. 'बी' विंगनं तेव्हा डॉक्टरांची प्रॅक्टिस इकडे कशी चालेल याचीच काळजी केली.

आत्येचं राहिलं. तिच्या मुलानं अखेर तिला दमदाटी करून मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला लावलं. एका डोळ्याचं झालं, पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि तो चष्मा मिरवायला ती पुन्हा आमच्याकडे आली. दारातच मला म्हणाली, "बराच म्हातारा झालास रे!" हिला म्हणाली, "तू बरीच गोरी आहेस की. मला वाटायचं सावळी असशील." हेडक्लार्क मुद्दाम भेटायला आले, त्यांच्याकडे तिनं नीट निरखून पाहिलं आणि काही न बोलता जपमाळ ओढायला घेतली.

मग आरामखुर्चीत टेकून तिनं भिंत बघितली. माधुरीकडे बघून ओळखीचं माणूस भेटल्यासारखी मान हलवली. पंखा फिरत होता, मी चहाचा कप तिच्या हातात देत होतो. तिनं कप घेतला, चष्मा किंचित वर केला आणि डावीकडच्या फोटोकडे बोट करून विचारलं, "आणि ही बाई कोण रे?"